मागच्या दारचा सीन

मी तोंडाळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. वाडीत कोणाचा नळ फुटला, कोणाच्या गाईने कोणाचं कुंपण मोडलं, की आधी मला बोलावतात, कारण भांडायला कोणीतरी लागतं. विनीत, माझा नवरा, म्हणतो, तुला वकील करायला हवं होतं, फी तरी मिळाली असती. अशी मी. आणि जिथे खरंच तोंड उघडायचं होतं तिथे मात्र दातखीळ बसली माझी. आता हे सांगताना सुद्धा कान तापलेत.

टेलिग्रामवर आमचा एक ग्रुप आहे, 'नवशिके व्हिडिओवाले'. दोन-अडीच हजार माणसं असतील. कोणी साताऱ्याचा दूधवाला, कोणी नाशिकची पार्लरवाली, कोणी रिटायर झालेले मास्तर. सगळ्यांना व्हिडिओ करायचेत आणि धड कोणालाच येत नाही. ज्ञानेश्वरीताई म्हणून एक आहेत, त्या ग्रुप चालवतात. बाई शिस्तीच्या. गुड मॉर्निंगचं फूल टाकलं की बाहेर.

त्यांनी एक प्रथा पाडली आहे, कच्चा शनिवार. आपण जे शूट केलं असेल ते जसंच्या तसं, एक सेकंदही न कापता, शनिवारी ग्रुपवर टाकायचं. बाकीच्यांनी ते उतरवून घ्यायचं, आपापल्या अकलेने कापायचं, जोडायचं, गाणं लावायचं आणि रविवारी आपापला व्हिडिओ ग्रुपवर ठेवायचा. एकाच पिठाच्या दहा जणींनी दहा भाकऱ्या थापायच्या, तसं. कोणाची फुगते, कोणाची करपते, ते बघून शिकायचं. ज्याचं चांगलं ते ताई वर पिन करतात. पद्धत चांगली आहे, नाही म्हणत नाही.

पण मी इतके महिने त्या ग्रुपात होते आणि मला काळं कुत्रं विचारत नव्हतं. भाट्याच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त टाकला, तर 'ताई, क्षितिज तिरकं आहे.' कोकमाचं सरबत टाकलं, तर 'आवाज बादलीतून येतोय.' बादलीतून! मी चिडून विनीतच्या मागे लागले आणि कॉलरला लावायचा तो बिनवायरचा माईक मागवून घेतला. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, मागे चिमटा, पुढे बारीकसा दिवा.

आता आत्येंचं सांगते. मालन आत्ये म्हणजे विनीतच्या वडिलांची बहीण. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा गेला, त्या माहेरी आल्या आणि इथल्याच झाल्या. आमचं घर मिरजोळ्याच्या बाजूला, एमआयडीसीच्या भिंतीपासून थोडं आत. पुढच्या दारी रस्ता, मागच्या दारी फणस, विहीर आणि तीन पायऱ्या. त्या पायऱ्यांवर आत्ये दुपारच्या बसतात आणि वाडीतल्या बायका एकेक करून येतात. पुढच्या दाराने नाही, मागच्या. कोणाची सून बोलत नाही, कोणाचा नवरा मुंबईत दुसरीकडे राहतो, कोणाला नको त्या जागी गाठ आलेय. आत्ये ऐकतात, फणसाच्या आठळ्या सोलत बसतात, फार तर दोन वाक्यं बोलतात. आणि ते तिथेच राहतं. विहिरीत दगड टाकावा तसं.

आमच्या वाडीत म्हणच आहे, सांगायचं तर मालनआक्काला सांग. दागिना बँकेत ठेवतात ना, तसं बायका आपलं आपलं त्यांच्याकडे ठेवून जायच्या. त्या बाईजवळ ना शेत, ना पोर, ना पेन्शन. होता तो एवढाच मान.

माझंही एक आहे त्यांच्याकडे. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी बॅग भरून रत्नागिरीच्या स्टँडवर जाऊन बसले होते, परत न येण्यासाठी. आत्ये मागून रिक्षाने आल्या, शेजारी बसल्या, वडापाव खायला घातला आणि मला घरी आणलं. घरी सांगितलं, आम्ही बाजारात गेलेलो, छत्री घ्यायला. येताना छत्री खरंच घेतली होती त्यांनी. विनीतला आजही माहीत नाही.

तर मे महिना होता, फणस पिकलेले. मी ठरवलं, आत्येंची सांदणं शूट करायची. सांदणं म्हणजे बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाचा रस काढून, तांदळाच्या कण्या घालून उकडायच्या. आत्ये नाही-नाही म्हणत होत्या. "माझं काय बघायचंय गो? दात पडलेत." पण मी ऐकणारी आहे का! नवीन लुगडं नेसवलं, पदराला आतून माईकचा चिमटा लावला आणि समजावून सांगितलं, "हा हिरवा दिवा लागला ना आत्ये, की हे ऐकतं. मग घाबरू नका, हळू बोललात तरी चालतं."

त्यांनी त्या दिव्याकडे जरा वेळ बघितलं. "आणि दिवा गेला की?"

"मग बहिरं."

छान झालं शूट. गरे चाळणीवर घासताना त्यांचे हात काय दिसत होते! वाट्या भरल्या, मोदकपात्रात ठेवल्या, झाकण लावलं. आता सांदणांना वीस मिनिटं वाफ लागते. ग्रुपवर शिकवलं होतं की अशी वाफ सलग शूट करून ठेवायची, मग ती भरभर पळवायची, दोन सेकंदांत झाकणाखालून वाफ फुसफुसते आणि सांदणं तयार, बघणाऱ्याला मजा येते. म्हणून मी मोबाईल तसाच स्टँडवर ठेवला, चालू. चित्रात चूल, मोदकपात्र आणि कोपऱ्यात मागच्या दाराची चौकट. तेवढ्यात पुढच्या दारी कुरियरवाला आला आणि मी गेले. त्याच्याशी वाद झाला, कारण तो मेला ओटीपी आधी मागत होता. परत आले तेव्हा आत्ये पायरीवर बसलेल्या दिसल्या, शेजारची काशीवैनी उठून चालली होती. मी सांदणांचं झाकण काढलं, 'ओके, कट' म्हटलं आणि झालं.

शनिवारी ते सगळं ग्रुपवर टाकलं. ऐकून बघितलं का? नाही. वाफ तर पळवायचीच होती, पळवलेल्या चित्राचा आवाज कोण ऐकतो?

रविवारी दुपारी जेवणं आटपून मोबाईल बघते तर काय! नुसते निरोपावर निरोप. 'योगिनीताई, निःशब्द.' 'ताई, डोळ्यांत पाणी आलं.' 'काय नैसर्गिक काम घेतलंय दोघींकडून!' माझे तर पाय जमिनीवर ठरेनात. दोघी म्हणजे मी आणि आत्ये, असंच मी धरलं. सांदणं बघून डोळ्यांत पाणी कशाला येईल, असा प्रश्न सुद्धा मला पडला नाही. कौतुकाला इतकी हपापलेली होते मी! कोणीतरी विचारलं, 'ताई, रिहर्सल किती घेतली?' मी ऐटीत लिहिलं, 'दोन-तीनदा करून घेतलं. आत्या माझ्या ऐकतात.' आणि वर हसरा चेहरा.

मग ज्ञानेश्वरीताईंनी एक व्हिडिओ पिन केला. कापणारा चिपळूणकडचा रितेश, लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला असतो, कंपनीच्या बसमध्ये बसून व्हिडिओ कापतो. त्याने खाली लिहिलं होतं, 'ताई, सांदणं ठीक आहेत, पण तुमचा मागच्या दारचा सीन म्हणजे कमाल! मी तेवढाच घेतला.'

मागच्या दारचा कसला सीन?

मी उघडला. मागे बासरी. चित्रात चौकट, आत्येंची पाठ आणि काशीवैनीचा हिरव्या बांगड्यांचा हात. आणि आवाज! बादलीतून नाही हो, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"आक्का, पोराकडच्यांना सांगू का नको गो? निशीला लहानपणी फिट यायच्या ते?"

"आता येतात काय?"

"नाय. नववीपासून एक नाय. डॉक्टरने गोळ्या पण बंद केल्यान. पण त्यांना कळलं आणि मोडलंन तर? पोर चांगला हाय गो. निशीला आवडलाय. मी घाबरतंय आक्का, रात्री झोप नाय मला..."

आणि काशीवैनीचं रडणं. त्या रडण्यावर चित्र हळूहळू काळं. वर पांढऱ्या अक्षरांत, 'एका आईची घालमेल'.

काशीवैनी म्हणजे गंगारामभावोजींची बायको. भावोजी मुंबईला, ही इथे मुलीला घेऊन. निशिगंधा, तिची मुलगी, डी.एड. झालेली, गुणी पोर. तिचं लग्न चिपळूणकडच्या एका घरात ठरत आलं होतं. पुढच्या रविवारी ह्या लोकांनी तिकडे जायचं होतं.

मी धावत आतल्या खोलीत गेले आणि कच्चं शूट काढून कानाला लावलं. रितेशने जिथे कापलं होतं त्याच्या पुढेही होतं. आत्ये म्हणत होत्या, "दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी तू सांग. तुझ्या तोंडाने. दुसऱ्याकडनं कळलं की ती लपवाछपवी होते." आणि नाक ओढत काशीवैनी म्हणाली, "सांगतंय. पुढच्या आयतवारी जातोय ना, तेव्हा देवाला नारळ ठेवतंय आणि पोराच्या आईला सगळं सांगतंय."

हे सगळं ऐकून मी काय केलं? खरं सांगू? आधी मी ग्रुपवर परत गेले आणि आलेली चार नवीन कौतुकं वाचली. वाचली! शी! आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग कामाला लागले. ग्रुपवरचं उडवलं. लिहिलं, 'कृपया सर्वांनी हा व्हिडिओ डिलीट करा, कॉपीराइटचा प्रॉब्लेम झाला आहे.' कॉपीराइट! काशीवैनीच्या रडण्याचा कॉपीराइट! रितेशला वेगळा निरोप केला. तो बिचारा म्हणाला, 'ताई, मी इन्स्टावर पण टाकलाय, चांगला चाललाय.' मी म्हटलं, सगळीकडून काढ, मूळ पण काढ, काही ठेवू नकोस. त्याने मुकाट्याने काढलं. शेवटी माझ्या मोबाईलमधलंही पुसलं, कचऱ्याच्या डब्यातून सुद्धा. पुरावाच नाही म्हटल्यावर झालंच नाही, असं वाटलं असावं मला. आत्येंनी हाक मारली, "चा घेतेस?" मी म्हटलं, "घेते." आणि चहा प्यायले.

पण रितेशने काढायच्या आधी तो कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना दाखवला होता. दाखवणारच, पहिल्यांदा पिन झालेला माणूस तो. त्याच बसमध्ये निशीसाठी ठरत आलेल्या मुलाचा चुलतभाऊ. निशी, फिट, मिरजोळ्याकडची भाषा. त्याला दोन अधिक दोन करायला किती वेळ?

मंगळवारी काशीवैनी आली. पहिल्यांदाच पुढच्या दाराने. केस सुटलेले, पायात चप्पल नाही. आत्ये ओटीवर मिरच्या निवडत होत्या.

"आक्का, तुमाला मी काय केलं होतं गो?" ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. "पोराच्या आईचा फोन आला. म्हणते, तुमी लपवलंत. आमाला बाहेरून कळायचं काय? कोणाकडनं कळलं विचारलं, तर म्हणते, कळायचं तिथून कळलं. मी देवाला सोडून ह्या जगात एकाच माणसाला बोललेली."

आत्येंचे हात थांबले. त्यांनी काशीवैनीकडे बघितलं, मग जरा माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. मी दाराला धरून उभी होते. माझ्या जिभेवर होतं सगळं. वैनी, मी केलं. चार शब्द सुद्धा नाहीत. कुरियरवाल्याला ऐकवायला माझ्याकडे शंभर होते.

"माझ्या दारातनं गेलं काशी," आत्ये म्हणाल्या. "म्हणजे माझंच ते."

"का केलंत?"

काशीवैनी उंबऱ्यात पचकन थुंकली आणि गेली. इतक्या वर्षांत त्या उंबऱ्यावर कोणी थुंकलं नव्हतं. आत्येंनी उठून पाणी ओतलं. मी म्हटलं, "द्या, मी करते." त्या म्हणाल्या, "राहू दे."

संध्याकाळी विनीत म्हणाला, "आत्ये असं बोलेल, पटत नाय यार." आणि मी, तुमची ही वकील, मी काय म्हटलं असेन? "वय झालंय रे त्यांचं. निघून गेलं असेल तोंडातून." आत्ये तेव्हा विहिरीवर होत्या. विहीर काही लांब नाही.

त्या दिवसापासून मागच्या पायऱ्या ओस पडल्या. दुपार झाली की आत्ये जाऊन बसायच्या, आठळ्यांची टोपली घेऊन. कोणी यायचं नाही. फणसावरचे कावळे तेवढे ओरडायचे. एकदा निशी विहिरीपलीकडून गेली, तर आत्ये अर्ध्या उठल्या. ती मान खाली घालून निघून गेली आणि त्या परत बसल्या. मी आतून बघत होते. मला घरात कशाचाही राग यायला लागला. विनीतवर ओरडले, मिक्सरवर ओरडले, एमआयडीसीच्या भोंग्याला शिव्या घातल्या. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. आणि रोज मनात यायचं, सांगितलं तर वाडी मला दारात उभी करेल का? काशीवैनी तर मला फाडून खाईल. आत्येंचं काय, त्या सोसतात, त्यांना सवय आहे. असं सुद्धा यायचं मनात, लपवून काय करू!

मग वाडीची सत्यनारायणाची पूजा आली. दरवर्षी मे संपता संपता असते, मुंबईवाले जायच्या आधी. प्रसादाचा शिरा दरवर्षी आत्येंच्या हातचा. मोठ्या टोपात रवा घालून त्या बसतात आणि सगळ्या बायका भोवती. गप्पा तिथेच रंगतात, हसणं पार रस्त्यापर्यंत ऐकू येतं.

ह्या वर्षी आत्ये नेहमीसारख्या गेल्या, पदर खोचून. टोपाशी दुसरीच कोणी बसली होती. आत्येंनी झाऱ्यासाठी हात पुढे केला, तर ती म्हणाली, "नको आक्का, तुमी बसा." गोड आवाजात. "दमाल. तुमी आपल्या बसा." दुसरीने प्लास्टिकची खुर्ची सुद्धा आणून दिली. ती खुर्ची पाण्याच्या पिंपाजवळ ठेवली, चुलीपासून लांब. बायकांचं बोलणं, आत्ये येईपर्यंत चाललं होतं ते, बंद झालं. शिरा ढवळल्याचा तेवढा आवाज. आत्ये खुर्चीत बसल्या. मांडीवर हात ठेवून, पाहुण्या बसतात तशा. त्यांना कधी खुर्चीत बसलेलं मी पाहिलंच नव्हतं.

थोड्या वेळाने त्या उठल्या. आरतीला सुद्धा थांबल्या नाहीत. कोणी म्हटलं नाही, आक्का, कुठे चाललात.

मी त्यांच्या मागे घरी आले. मागच्या पायरीवर बसल्या होत्या, लुगडं पूजेचंच. मी समोर मातीत बसले, तसलीच, नवीन साडीत.

"आत्ये, ते तुम्ही नाही सांगितलंत. माझ्या त्या माईकने गेलं. तुमच्या पदराला होता तो. मी चालू ठेवला, न ऐकता ग्रुपवर टाकला, आणि मग पुसून टाकला. मी केलं सगळं." बोलताना रडू फुटलं मला. स्वतःचीच कीव आल्यासारखं रडू, त्याचीही चीड आली.

आत्येंनी एक आठळी सोलली, टोपलीत टाकली.

"म्हाईत हाय मला."

"काय?"

"त्या दिवशी काशी गेल्यावर मी ते पदरातनं काढलं. हिरवा दिवा लागलेला होता. तूच सांगितलेलं, दिवा असला की ते ऐकतं. तेव्हा काय वाटलं नाय. काशी त्या मंगळवारी आली, आणि तुझं तोंड बघितलं मी दारात, तेव्हा समजलं."

"मग बोलला का नाहीत? ती थुंकली आत्ये! तुमच्या उंबऱ्यात थुंकली! आज त्या बायकांनी... तुम्ही एक शब्द बोलायचा होता, योगिनीने केलं म्हणून!"

"ते तुझं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडनं कोणाचं गेलंय काय कधी?"

मला ती छत्री आठवली.

"तुझं तूच सांगायचं बाय," दुसरी आठळी उचलत त्या म्हणाल्या. "काशीला पण मी तेच सांगितलेलं."

पूजेचा लाऊडस्पीकर चालू होता तोवरच मी काशीवैनीकडे गेले. ती नुकतीच घरी आली होती, हातात प्रसादाचा द्रोण. तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आणखी तिघी-चौघी होत्या. मी त्या सगळ्यांसमोर सांगितलं. माईक, वाफ, कुरियर, ग्रुप, बस, सगळं. रिहर्सलचं सुद्धा सांगितलं. आवाज फाटत होता माझा.

काशीवैनी मारेल असं वाटलं होतं. तिने नाही मारलं. निशी आतून दारात आली आणि म्हणाली, "काकी, सगळं होतं ना त्यात? आई त्यांना सांगणार होती, ते पण?"

"होतं गो."

"मग ते द्या मला. त्यांना ऐकवते. आई लपवत नव्हती, एवढं तरी कळू दे त्यांना."

"पुसलं मी."

"सगळं?"

"सगळं. दुसऱ्यांकडचं पण पुसायला लावलं."

निशी माझ्याकडे बघत राहिली. "ठेवायचं होतंत काकी," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी तिथूनच मुलाच्या आईला फोन लावला. नंबर काशीवैनीने दिला. मी त्यांना सांगितलं की काशीवैनी तेव्हा ठरलेल्या रविवारी येऊन स्वतःच सांगणार होत्या, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. पलीकडून बाई म्हणाल्या, "आता तुम्ही असं म्हणणारच." मग म्हणाल्या, "बरं, बघू," आणि फोन ठेवला. अजून त्यांच्याकडून काही आलेलं नाही.

ग्रुपवरही लिहिलं, कॉपीराइट नव्हता, ते नाटक नव्हतं, त्या खऱ्या बायका होत्या. दहा-बारा जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. रितेशने फोन केला, म्हणाला, "ताई, मी बासरी लावली हो त्याला." एकाने विचारलं, माईक कुठल्या कंपनीचा. मी ग्रुप सोडला.

विनीतला सांगितलं तेव्हा तो उठला आणि आत्येंच्या पाया पडून आला.

वाडी मला बोलते अजून, पाठीमागे. बोलू दे, ते माझंच आहे. शिऱ्याचा झारा आत्येंकडे पुढच्या वर्षी येईल की नाही, कोण जाणे.

काल दुपारी मी मागच्या दारी भांडी घासत होते. आत्ये पायरीवर. विहिरीच्या बाजूने काशीवैनी आली. हातात काही नाही, पदर डोक्यावर. पायरीजवळ येऊन उभी राहिली, मग आत्येंच्या शेजारी बसली, पूर्वी बसायची तशी. माझा जीव भांड्यात पडला. मी राखेचे हात तसेच ठेवून तिच्याकडे बघून हसले.

ती हसली नाही. माझ्याकडे बघत बसून राहिली. आत्येंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"योगिनी," त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या दारी कोण आलंय, बघ जरा."

मी हात धुतले आणि उठले. मोबाईल खिडकीत होता, तो दोघींना दिसेल असा उचलला आणि बरोबर घेतला. पुढच्या दारी कोणी आलेलं नव्हतं, ते मलाही माहीत होतं. मागे काशीवैनीचा बारीक आवाज सुरू झाला, तसं मी दार ओढून घेतलं आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले.